बाईकच्या मागच्या चाकाचे बोल्ट नवीन टाकले, थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचं लिक्विड) लावलं, त्याचा सगळा अनुभव

जुलैतला रविवार होता, ताम्हिणीतून परत येत होतो, मागे बायको बसलेली, पाऊस नुसता भुरभुर चाललेला. मुळशी धरण मागे पडलं आणि मागून टक्… टक्… टक्… असा आवाज यायला लागला. स्पीड वाढवला की पटपट, कमी केला की सावकाश, क्लच दाबून इंजिन सोडलं तरी चालूच, म्हणजे इंजिनचा नाही, चाकाचाच. बायको म्हणाली, "अरे काहीतरी घासतंय मागे, माझ्या पायापाशी येतोय आवाज." पौडला एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली, खाली वाकून चाक हाताने फिरवलं आणि पोटात गोळाच आला. माझ्या गाडीच्या स्प्रॉकेटला (मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र) सहा बोल्ट असतात, त्यातल्या एकाची जागा रिकामी. आणि शेजारचा बोल्ट चार-पाच आटे बाहेर आलेला, चाक फिरताना त्याचं डोकं चिमट्याच्या (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा भाग, स्विंगआर्म) आतल्या बाजूला टेकत होतं, तिथे रंग जाऊन चकचकीत रेघ पडलेली.

टूलकिटमधली ॲलन की काढून उरलेले पाचही आवळले. दोन तर बोटाने फिरत होते! बायकोला पौडवरून बसमध्ये बसवलं आणि मी एकटा पंचवीसच्या स्पीडने पिरंगुट, चांदणी चौक करत वारज्यापर्यंत आलो, दर दोन-तीन किलोमीटरला थांबून बोल्ट चेक करत. तो बोल्ट पूर्ण बाहेर येऊन चिमटा आणि स्प्रॉकेटच्या मध्ये अडकला असता तर मागचं चाक जागेवर जाम झालं असतं, ते पण ओल्या घाटात, मागे माणूस बसलेलं असताना. हे लिहितोय ते त्यामुळेच.

तीन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये चेन सेट बदलून घेतला होता, त्याच वेळी मागचा टायरही बदलला आणि त्यासाठी ब्रेकची डिस्क उतरवली होती. कुठलं गॅरेज ते सांगत नाही, पण तिथे काय झालं असणार ते नंतर चाक खोलल्यावर कळलं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, भोसरीला एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते, आता रिटायर. मी पार्किंगमध्ये गाडी लावून वाकून बघत होतो तेव्हा ते खाली फिरायला आले होते. म्हणाले, "काय रे, चाकात काय बघतोस एवढं?" सांगितलं. त्यांनी वाकून तो हललेला बोल्ट बोटाने फिरवला आणि म्हणाले, "आता हा नुसता आवळून चालवू नकोस. चाक काढ, सगळे बोल्ट बाहेर काढ, मग बघू. आणि मला हाक मार, एकटा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून आलो आणि चाक काढलं. पॅडॉक स्टँड लावला, एक्सलचा नट सोडला, चेन उतरवली, कॅलिपर (डिस्कवरचे ब्रेक पॅड धरणारा भाग) बाजूला केला, हे सगळं वीस मिनिटांचं काम. चाक जुन्या टायरवर आडवं ठेवायचं, जमिनीवर नाही, नाहीतर डिस्क वाकते. खरी गोष्ट सुरू झाली ती बोल्ट काढायला घेतल्यावर.

स्प्रॉकेटचे पाच बोल्ट की लावल्या लावल्या फिरले. आट्यांवर काहीच नव्हतं, नुसतं ग्रीस आणि माती, आणि प्रत्येकाखाली एकेक स्प्रिंग वायसर घातलेला जो माझ्या गाडीच्या पार्ट बुकात नाहीच. काकांनी ते वायसर एका डब्यात टाकले आणि म्हणाले, "सगळ्यांना वाटतं हा वायसर बोल्टला धरून ठेवतो. बोल्ट पूर्ण आवळला की हा चपटा होतो, मग नुसता साधा वायसर." मला आधी पटलं नाही कारण लहानपणापासून हेच बघत आलोय, स्प्रिंग वायसर म्हणजे सेफ. रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये याच्यावर काम केलं होतं, त्याने दाखवलं की बोल्ट सैल होतो तो मुख्यतः जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकतात तेव्हा. सरकताना आट्यांमधलं घर्षण क्षणभर जातं आणि बोल्ट आपोआप थोडा थोडा उलटा फिरत राहतो. त्याची टेस्ट आजही वापरतात आणि त्यात स्प्रिंग वायसर काही विशेष टिकत नाही. म्हणजे मुळात बोल्ट इतका ताणलेला हवा की दोन भाग सरकायलाच नकोत, आणि मग वरून आटे फिरणार नाहीत अशी सोय हवी.

हे कळल्यावर स्प्रॉकेटकडे परत नीट बघितलं. दोन भोकांच्या भोवती रंग घासून गेलेला आणि एक भोक किंचित अंडाकृती झालेलं, नवीन बोल्ट आत घालून हलवला तर हलत होता. म्हणजे स्प्रॉकेट कॅरियरवर (चाकातला तो भाग ज्यावर स्प्रॉकेट बोल्टने बसतं) सरकत होतं, दर वेळी ॲक्सिलरेटर दिला-सोडला की पुढे-मागे. कॅरियर काढून आतले हब रबर बघितले तर ते दगडासारखे कडक आणि एका बाजूने खाल्लेले. चेनचा झटका पचवायला असतात ते रबर, तेच गेले तर सगळा झटका बोल्टांवर. चेन सेट बदलताना हे बघायला हवं होतं, पन्नास सेकंदाचं काम आहे, कॅरियर हाताने पुढे-मागे हलवून बघायचं. कोणीच बघितलं नाही, आणि मी पण विचारलं नाही.

डिस्कच्या बाजूला उलटीच तऱ्हा. पाच बोल्ट, त्यातले चार साधारण जोर लावल्यावर सुटले आणि पाचवा जागचा हलेना. दोन वेळा जोर लावला तर ॲलनचं भोक गोल व्हायला लागलं, म्हणून थांबलो. सुटलेल्या एका बोल्टच्या आट्यांत लाल रंगाचा कडक थर अडकलेला दिसला. काका म्हणाले, "लाल लावलंय कोणीतरी. हात लावू नकोस, मी गन आणतो."

थ्रेडलॉकर हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, बाकीच्यांनी पुढे जावं. हे आट्यांवर लावायचं एक लिक्विड असतं, हवेत असेपर्यंत पातळ राहतं आणि दोन धातूंच्या मध्ये हवा मिळाली नाही की घट्ट होतं. म्हणूनच नवीन बाटली अर्धी रिकामी दिसते, कोणी फसवलेलं नसतं, आतल्या हवेमुळेच ते पातळ राहतं. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले केमिस्ट्रीचे प्रोफेसर व्हर्नन क्रीबल यांनी ते काढलं आणि त्याचंच पुढे लॉकटाईट झालं. त्यात ताकदीप्रमाणे प्रकार आहेत. जांभळं सगळ्यात हलकं, बारीक स्क्रूसाठी. निळं मध्यम, २४२ किंवा २४३ नंबरचं, साध्या पान्याने परत सुटतं. लाल सगळ्यात कडक, ते कायमचं बसवायच्या जागेसाठी आणि काढायचं तर साधारण २५० डिग्रीपर्यंत गरम करावं लागतं. ज्या डिस्कला पुढच्या टायरच्या वेळी परत हात लागणार आहे तिथे लाल लावणं म्हणजे पुढच्या माणसासाठी संकट ठेवणं, आणि तो पुढचा माणूस मी होतो.

काकांनी हीट गनला बारीक नॉझल लावून फक्त बोल्टच्या डोक्यावर हवा मारली, भोवती ओला फडका ठेवला कारण हबमध्ये बेअरिंगचं ग्रीस आणि सील आहेत. पाचेक मिनिटं झाली, एक तिखट घाण वास यायला लागला, काका म्हणाले तोंड बाजूला घे, धूर घेऊ नकोस. मग एक साईज मोठं टॉर्क्स बिट त्या गोल झालेल्या भोकात हलक्या हाताने ठोकून बसवलं आणि गरम असतानाच फिरवलं. गरम असतानाच, हे महत्त्वाचं, थंड होऊ दिलं तर ते परत धरतं. आधी काही नाही, मग एक कर्रर्र आवाज आला आणि सुटला. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू, कारण डोकं तुटलं असतं तर ड्रिल करावं लागलं असतं आणि हब ॲल्युमिनियमचा, एक चूक झाली की आटे गेले.

आता नवीन बोल्ट. मला वाटलं होतं स्वच्छ करून जुनेच लावू, पण काकांनी एक जुना आणि एक नवीन शेजारी धरून दाखवले, जुन्याचे आटे एका जागी चपटे झालेले आणि मानेपाशी गंजाची खाच पडलेली. मंगळवारी नाना पेठेत गेलो. दोन दुकानांत "ऑर्डर द्यावी लागेल" म्हणाले, तिसऱ्यात त्याने मस्त चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट काढून दिले, गंजत नाहीत म्हणाला, घेतले. घरी आणून काकांना दाखवले, तर त्यांनी चष्मा लावून डोक्यावरचा शिक्का वाचला, ए२-७०. मग स्वतःच्या खिशातून माझा जुना बोल्ट काढला, त्यावर १०.९.

हा आकड्यांचा हिशोब मला इतके वर्षं गाडी चालवून माहीत नव्हता. १०.९ मधला १० म्हणजे साधारण १००० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तुटतो, आणि .९ म्हणजे त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, ९०० पर्यंत, ताणून परत जागेवर येतो. ८.८ म्हणजे ८०० आणि ६४०. आणि हा चकचकीत ए२-७० म्हणजे ७०० ला तुटणार आणि ४५० च्या आसपासच कायमचा लांबायला लागणार. म्हणजे कंपनीने दिलेल्या बोल्टच्या निम्माच जोर. आरसा, नंबर प्लेट, लगेज रॅकचा बारीक बोल्ट, तिथे लावा खुशाल. ब्रेकच्या डिस्कला नाही. काका रागावले नाहीत पण एकच वाक्य बोलले, "गंजलेला बोल्ट दिसतो तरी, लांबलेला दिसत नाही."

मग सर्व्हिस सेंटरला पार्ट नंबर देऊन ऑर्डर दिली, डिस्कचे पाच, स्प्रॉकेटचे सहा, एक्सलचा नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला), हब रबरचा सेट आणि एक स्प्रॉकेट. चार दिवसांनी आलं. निळं लिक्विड बोहरी आळीतून घेतलं, १० मिलीची छोटी बाटली, एवढी बाटली मला तर चार-पाच वर्षं पुरेल. बाटलीवरची तारीख बघून घ्या आणि सील बघून घ्या.

शनिवारी दुपारी जोडायला बसलो. अर्धा वेळ नुसता साफसफाईत गेला आणि माझ्या मते सगळं काम तेच आहे. भोकांतल्या आट्यांत जुनं लिक्विड वाळून भुकटी झालेलं असतं, ते तिथेच राहिलं तर बोल्ट आवळताना पाना टॉर्क (आवळायचा फिरवता जोर) दाखवतो पण तो जोर त्या कचऱ्यातच खर्च होतो. मी टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घेऊन आटे साफ करायला निघालो होतो, काकांनी अडवलं, टॅप ॲल्युमिनियम कापतो, आटे सैल होतात. त्यांनी एक जुना पण सरळ आट्यांचा बोल्ट घेतला, हॅक्सॉने त्याच्या आट्यांवर उभी खाच पाडली, कानस मारून कडा साफ केल्या आणि तो हाताने प्रत्येक भोकात आत-बाहेर फिरवला, सगळा कचरा त्या खाचेत गोळा होऊन बाहेर. मग ब्रेक क्लीनरचा फवारा, पितळी ब्रश, परत फवारा, आणि हवा. पेट्रोलने धुवू नका, पेट्रोल वाळल्यावर तेलकट थर मागे राहतो. नवीन बोल्ट पण पाकिटातून काढून तसेच लावायचे नाहीत, त्यांच्यावर गंजू नये म्हणून तेल असतं, तेही पुसायचं.

डिस्कचे बोल्ट पाकिटातून काढले तर त्यांच्या आट्यांवर आधीच कोरडा थर दिला होता, हाताला खरखरीत लागतो. मी बाटली उघडून तयारच होतो, काका म्हणाले, "त्याला काही लावू नकोस, कंपनीने लावूनच दिलंय." आवळताना तो थर फुटतो आणि आतलं केमिकल मिसळून घट्ट होतं. हे एकदाच वापरायचे बोल्ट, म्हणूनच मॅन्युअलमध्ये दर वेळी नवीन टाका असं लिहिलेलं असतं, त्यात पार्ट विकायचा धंदा नाहीये. आणि त्याचा अर्थ हाही की ते धुवून काढायचे नाहीत, मी एक ब्रेक क्लीनरने धुवायलाच घेतला होता, वेळीच हात मागे घेतला.

स्प्रॉकेटचे बोल्ट साधे होते, तिथे निळं. कॅरियरमधली भोकं आरपार नाहीत, खाली बंद आहेत. अशा भोकात लिक्विड फक्त बोल्टला लावलं तर बोल्ट आत जाताना खाली कोंडलेली हवा त्याला वर ढकलून बाहेर काढते, म्हणून दोन थेंब भोकात आतल्या आट्यांवर आणि एक थेंब बोल्टच्या आट्यांवर. भोक भरायचं नाही, बोल्टखाली लिक्विड कोंडलं तर ते दाबलं जात नाही, बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो. भोक आरपार असेल आणि मागे नट असेल तर नट जिथे येऊन थांबणार तेवढ्याच आट्यांवर लावायचं. सांडलेलं लगेच पुसा, प्लास्टिकवर अजिबात पडू देऊ नका, चेन गार्ड किंवा टेल पॅनलच्या प्लास्टिकला त्याने बारीक चिरा पडतात. डिस्कच्या जवळ बाटली उघडी ठेवायची नाहीच.

मग टॉर्क. माझ्याकडे अर्ध्या इंची मोठा टॉर्क रेंच आहे, ४० न्यूटन मीटरपासून सुरू होतो, आणि माझ्या गाडीला डिस्कला २८ आणि स्प्रॉकेटला ३२ लागतात. (हे माझ्या गाडीचे आकडे, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.) काकांनी त्यांचा छोटा १० ते ५० वाला दिला. कुठलाही क्लिक रेंच त्याच्या रेंजच्या अगदी तळाशी भरवशाचा नसतो, त्यामुळे चाकाच्या कामाला दोन रेंच लागतात हे मान्य करून टाका, किंवा मागून आणा. आधी सगळे बोल्ट हाताने बसवले, मग निम्म्या टॉर्कला समोरासमोरचे, मग पूर्ण टॉर्कला समोरासमोरचे. लिक्विड लावल्यावर मध्ये फोन घ्यायला उठू नका, पोलादावर ते दहा-पंधरा मिनिटांत धरायला लागतं आणि धरल्यावर परत फिरवलं की बॉन्ड तुटला, मग काढून साफ करून पहिल्यापासून.

हब रबर नवीन असल्यामुळे कॅरियर बसायला जड गेला, थोडं साबणाचं पाणी लावलं आणि तळहाताने दाबून बसवला. चाक चढवलं, चेन २५ मिलिमीटर ढिली ठेवली, दोन्ही बाजूच्या खुणा जुळवल्या, एक्सलला पातळ ग्रीस, आणि नवीन नायलॉक नट मोठ्या रेंचने ९० ला. एक्सलच्या नटला लिक्विड लावत नाहीत, त्याचं काम तो नायलॉन करतो, आणि जुना नट हाताने शेवटपर्यंत फिरत गेला तर समजा त्यातला नायलॉन संपलाय. माझा जुना तसाच फिरत होता.

शेवटी बायकोची लाल नेलपॉलिश घेतली आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या स्प्रॉकेटवर, डिस्कवर एक सरळ रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावायची गरज नाही. ती म्हणाली, "सगळी बाटली संपवू नकोस," मग स्वतःच खाली बसून डिस्कच्या बाजूच्या पाच रेघा तिने ओढल्या, माझ्यापेक्षा सरळ आल्या.

गाडी लगेच चालवायची नव्हती. ॲल्युमिनियमवर आणि झिंक प्लेटिंगवर हे लिक्विड पोलादापेक्षा सावकाश घट्ट होतं, पूर्ण ताकद यायला २४ तास द्यावे लागतात. रविवारी सिंहगडाला जायचं ठरलं होतं, मित्रांना फोन करून सांगितलं तुम्ही जा. त्यातला एक म्हणाला अरे गोंद वाळायला एवढं काय, त्याला पौडचा फोटो पाठवला, रिकाम्या भोकाचा. त्याने संध्याकाळी स्वतःच्या गाडीच्या स्प्रॉकेटचा फोटो पाठवला आणि विचारलं हे बरोबर आहे का बघ. एक बोल्ट वेगळाच होता, कुठलातरी बाजारातला, डोक्यावर काहीच शिक्का नाही.

सोमवारी सकाळी ब्रेक पेडल चार-पाच वेळा पंप करून बाहेर काढली, कॅलिपर परत बसवल्यावर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, हे विसरून उतारावर गेलात तर अवघड होईल. शंभर किलोमीटरला रेघा बघितल्या, पाचशेला बघितल्या. आता अकराशे झालेत. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं परत ताम्हिणीला जाऊन आलो, येताना पौडच्या त्याच टपरीपाशी थांबलो, मी चहा सांगायच्या आत ती खाली वाकून बघत होती. "अकराच्या अकरा जागेवर आहेत," म्हणाली. मित्राचे बोल्ट आले आहेत, येत्या शनिवारी त्याचं चाक काढायचंय, काकांनी सकाळी नऊची वेळ दिलीय.